नावाला भुलू नका, संधी मोजा!
फँटसी फुटबॉलमध्ये वाइड रिसीव्हर निवडण्याचे गणित

अमेरिकेत ऑगस्ट महिना उजाडला, की कार्यालयांतून, महाविद्यालयांतून आणि मित्रमंडळींच्या बैठकांतून एका विषयाची चर्चा रंगू लागते. सप्टेंबरमध्ये नॅशनल फुटबॉल लीगचा अर्थात ‘एनएफएल’चा हंगाम सुरू होतो आणि त्याआधी प्रत्येक हौशी ‘संघमालका’ला आपला कागदावरचा संघ उभा करायचा असतो. नोकरी-शिक्षणानिमित्त तिकडे गेलेल्या मराठी तरुणांनाही सहकाऱ्यांकडून या खेळाचे आमंत्रण येते. नियम समजतात, नावेही पाठ होतात. पण नवख्याची गाडी हमखास एका ठिकाणी अडते. वाइड रिसीव्हर कोणता घ्यावा आणि केव्हा घ्यावा?

हा प्रश्न वाटतो तितका किरकोळ नाही. अनेक लीगमध्ये प्रत्येकाची वर्गणी जमा झालेली असते. काही ठिकाणी तळाला राहणाऱ्याला वर्षभर टोमणे आणि एखादी गमतीदार शिक्षाही सोसावी लागते. शिवाय ड्राफ्टच्या पहिल्या दोन-तीन फेऱ्यांत झालेली चूक पुढचे चार महिने पाठ सोडत नाही.

काय आहे हा खेळ?

फँटसी क्रिकेट भारतीय वाचकाला अपरिचित नाही. पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने कायद्याने बंदी आणली, तोपर्यंत त्याचा देशात मोठा बोलबाला होता. मात्र तेथे संघ सामान्यतः एका सामन्यापुरता निवडला जाई आणि एकच फलंदाज हजारो जणांच्या संघात असू शके. ड्राफ्ट पद्धतीच्या फँटसी फुटबॉलमध्ये तसे नसते. येथे १० किंवा १२ मालक एकत्र येतात व पाळीपाळीने खेळाडू निवडतात. एकाने निवडलेला खेळाडू त्या लीगमध्ये दुसऱ्या कोणालाही मिळत नाही. पहिल्या फेरीत सर्वांत शेवटी पाळी आलेल्याला दुसऱ्या फेरीत सर्वांत आधी निवड करता येते. नागमोडी चालीच्या या पद्धतीला ‘स्नेक ड्राफ्ट’ म्हणतात.

या खेळाचा उगम कॅलिफोर्नियातील ओकलंडचा. ओकलंड रेडर्स संघाचे एक भागीदार बिल विंकेनबाख यांना १९६२ मध्ये ही कल्पना सुचली आणि १९६३ मध्ये आठ संघांचा पहिला ड्राफ्ट झाला. त्यातील पहिली निवड होती जॉर्ज ब्लांडा या खेळाडूची. पुढे गुणपद्धती विस्तारत गेली आणि त्याबरोबर वाइड रिसीव्हरचे महत्त्वही वाढले.

वाइड रिसीव्हर म्हणजे मैदानाच्या कडेकडून धावत जाऊन क्वार्टरबॅकने फेकलेला चेंडू झेलणारा खेळाडू. प्रचलित नियमांनुसार चेंडू झेलून मिळवलेल्या प्रत्येक १० यार्डांमागे एक गुण आणि टचडाऊनला सहा गुण मिळतात. झेललेल्या प्रत्येक पासला काही लीगमध्ये एक गुण, काहींत अर्धा गुण, तर काहींत काहीच मिळत नाही.

आधी नियम, मग नावे

हा शेवटचा नियमच निवडीची दिशा ठरवतो. समजा, एका रिसीव्हरने जवळचे सहा पास झेलून ५० यार्ड मिळवले आणि दुसऱ्याने लांबचे दोनच पास झेलून ९० यार्ड मिळवले. झेलाला गुण नसेल, तर पहिल्याला ५ आणि दुसऱ्याला ९ गुण मिळतील. झेलाला अर्धा गुण असेल, तर हेच आकडे ८ आणि १० होतील. पूर्ण गुण असेल, तर दोघेही ११ गुणांवर बरोबरीत येतील. म्हणजे एका लीगमध्ये दुय्यम ठरणारा खेळाडू दुसऱ्या लीगमध्ये तोडीस तोड ठरतो. दुसऱ्याच्या लीगसाठी तयार झालेली क्रमवारी डोळे मिटून वापरणारे येथेच फसतात.

टचडाऊनचा मोह

नवखा मालक गेल्या वर्षीचे टचडाऊन पाहून खेळाडू निवडतो. वस्तुतः टचडाऊन हा वाइड रिसीव्हरच्या आकडेवारीतील सर्वांत लहरी भाग होय. डेट्रॉइट लायन्सच्या कॅल्विन जॉन्सनने २०११ मध्ये १,६८१ यार्डांसह १६ टचडाऊन केले. पुढच्याच वर्षी त्याने १,९६४ यार्ड मिळवून एका हंगामातील विक्रम रचला. पण टचडाऊन झाले अवघे पाच! झेलाला गुण नसलेल्या पद्धतीने हिशेब केला, तर विक्रमी वर्षातील त्याचे गुण आधीच्या वर्षापेक्षा सुमारे ३८ ने कमी भरतात. खेळाडू तोच, संघ तोच, कौशल्यही तेच. २०१३ मध्ये यार्ड घटून १,४९२ झाले, तरी टचडाऊन मात्र पुन्हा १२ वर गेले. तेव्हा गेल्या वर्षी टचडाऊनची अतिवृष्टी झालेला रिसीव्हर महागात घेण्यापेक्षा, यार्ड भरपूर असूनही टचडाऊन कमी पडलेला रिसीव्हर स्वस्तात घेणे अधिक शहाणपणाचे ठरते.

संधी हेच भांडवल

मग पाहायचे काय? या प्रश्नाचे उत्तर ‘टार्गेट’ या आकड्यात आहे. क्वार्टरबॅकने एखाद्या रिसीव्हरच्या दिशेने चेंडू फेकला, की तो झेलला जावो अथवा न जावो, त्या रिसीव्हरच्या नावावर एक टार्गेट जमा होते. एक संघ एका सामन्यात साधारणपणे ३० ते ३५ पास टाकतो. त्यातील चौथा हिस्सा वा त्याहून अधिक ज्याच्या वाट्याला येतो, तो रिसीव्हर दर आठवड्याला गुण देण्याची शक्यता मोठी. झेल आणि टचडाऊन नशिबाने कमी-जास्त होतात. टार्गेट मात्र प्रशिक्षकाचा आणि क्वार्टरबॅकचा विश्वास दाखवते.

लॉस एंजेलिस रॅम्सच्या पुका नाकुआचे उदाहरण बोलके आहे. २०२३ च्या एनएफएल ड्राफ्टमध्ये तो पाचव्या फेरीत, १७७ व्या क्रमांकावर निवडला गेला होता. बहुसंख्य फँटसी लीगमध्ये तर त्याला कोणी घेतलेच नव्हते. रॅम्सचा प्रमुख रिसीव्हर कूपर कप दुखापतीमुळे पहिले चार सामने बाहेर राहिला आणि नाकुआसाठी दार उघडले. पहिल्या दोन सामन्यांत त्याच्याकडे मिळून ३५ वेळा चेंडू फेकला गेला व त्याने २५ झेल घेतले. नावाकडे न पाहता या आकड्याकडे पाहणाऱ्यांनी त्याला ताबडतोब आपल्या संघात घेतले. हंगामाअखेर त्याच्या खात्यावर १,४८६ यार्ड होते. पदार्पणाच्या वर्षात तोवर कोणत्याही रिसीव्हरने एवढे यार्ड मिळवले नव्हते.

चेंडू टाकणारा कोण?

तथापि, नुसती टार्गेट मोजूनही भागत नाही. त्याच २०२३ च्या हंगामात न्यूयॉर्क जेट्सच्या गॅरेट विल्सनला १६८ टार्गेट मिळाली, नाकुआला १६०. तरीही विल्सनने ९५ झेल, १,०४२ यार्ड आणि तीन टचडाऊन केले. नाकुआने १०५ झेल, १,४८६ यार्ड आणि सहा टचडाऊन. झेलाला पूर्ण गुण धरला, तर केवळ पास झेलण्यातून विल्सनचे २१७.२ आणि नाकुआचे २८९.६ गुण होतात. आठ संधी कमी असूनही ७२ गुण अधिक! जेट्सचा नवा क्वार्टरबॅक आरोन रॉजर्स पहिल्याच सामन्याच्या आरंभी टाचेच्या वरची शीर तुटून वर्षभरासाठी बाहेर गेला होता, हे या फरकामागील एक मोठे कारण.

उलट बाजूचे उदाहरण कूपर कपचेच. २०२० मध्ये त्याने ९७४ यार्ड आणि तीन टचडाऊन केले होते. २०२१ मध्ये मॅथ्यू स्टॅफर्ड हा क्वार्टरबॅक रॅम्समध्ये आला आणि कपने १९१ टार्गेटमधून १४५ झेल, १,९४७ यार्ड व १६ टचडाऊन अशी घवघवीत कामगिरी केली. त्या वर्षीच्या ड्राफ्टमध्ये पहिल्या दोन फेऱ्यांत त्याला निवडणारे विरळाच होते. म्हणूनच उन्हाळ्यात कोणत्या संघाचा क्वार्टरबॅक बदलला, कोणता रिसीव्हर संघ सोडून गेला आणि त्याच्या वाट्याची टार्गेट आता कोणाकडे जाणार, याची टिपणे जाणकार मालक आधीच काढून ठेवतात.

केव्हा निवडावा?

खेळाडूचे मोल त्याच्या एकूण गुणांवर ठरत नाही. त्याच्याऐवजी सहज मिळू शकणाऱ्या खेळाडूपेक्षा तो किती अधिक देतो, यावर ते ठरते. कल्पना करा, एखादा क्वार्टरबॅक सामन्याला २२ गुण देतो आणि ड्राफ्टच्या उत्तरार्धात मिळणारा क्वार्टरबॅक १८. फरक चारच गुणांचा. पण अव्वल रिसीव्हर १८ गुण देत असेल आणि उरलेल्यांतला ११, तर फरक सात गुणांचा होतो. अशा वेळी गुण कमी दिसत असूनही रिसीव्हर आधी घेणे हिताचे. बारा संघांच्या लीगमध्ये प्रत्येकाला तीन रिसीव्हर उतरवायचे असतील, तर ३६ जण लागतात. दोनच उतरवायचे असतील, तर २४ पुरतात आणि वाट पाहण्याची मुभा मिळते.

याबाबत दोन मतप्रवाह आहेत. धावत चेंडू नेणाऱ्या चांगल्या रनिंग बॅकची संख्या कमी, म्हणून आधी ते घ्यावेत, असे एका पक्षाचे म्हणणे. रनिंग बॅक सतत धडका सोसत असल्याने त्यांचा भरवसा धरू नये, आरंभी भक्कम रिसीव्हर घ्यावेत आणि रनिंग बॅक नंतर शोधावेत, असे दुसऱ्या पक्षाचे. ‘झिरो आरबी’ या नावाने ओळखला जाणारा हा दुसरा विचार शॉन सिगल यांनी २०१३ मध्ये मांडला.

अर्थात, दुखापतीपासून रिसीव्हरही सुटलेला नाही. मिनेसोटा व्हायकिंग्सचा जस्टिन जेफरसन २०२३ मध्ये असंख्य लीगमध्ये पहिल्या क्रमांकावर निवडला गेला. मांडीच्या स्नायूच्या दुखापतीने त्याचे सात सामने बुडाले. न्यूयॉर्क जायंट्सच्या मलिक नेबर्सने २०२४ मध्ये पदार्पणातच १०९ झेल घेतले. २०२५ मध्ये चौथ्याच आठवड्यात गुडघ्याची दुखापत होऊन त्याचा हंगाम संपला. निवड योग्य असूनही फासे उलटे पडू शकतात. म्हणून राखीव जागांवर नावाजलेले पण उताराला लागलेले खेळाडू भरण्याऐवजी, संधी मिळताच उसळी घेऊ शकतील असे तरुण रिसीव्हर ठेवावेत, असा अनुभवी मंडळींचा सल्ला असतो.

ड्राफ्टपूर्वी हे पाहा

• झेलाला किती गुण आणि एका वेळी किती रिसीव्हर उतरवायचे, हे आधी तपासा.
• गेल्या वर्षीच्या टचडाऊनपेक्षा प्रत्येक सामन्यातील टार्गेटला अधिक वजन द्या.
• क्वार्टरबॅक तोच आहे का, नवा असेल तर कसा आहे, याची माहिती घ्या.
• संघ हरतो म्हणून रिसीव्हर टाळू नका. नेबर्सचे १०९ झेल जायंट्स १७ पैकी १४ सामने हरले, त्याच वर्षीचे आहेत.
• सर्व रिसीव्हरच्या संघांना एकाच आठवड्यात विश्रांती येत नाही ना, हे पाहा.
• हंगामाचे पहिले दोन आठवडे डोळ्यांत तेल घालून टार्गेट मोजा. ड्राफ्टमध्ये हुकलेला रिसीव्हर तेव्हाही हाती लागू शकतो.