धबधब्याच्या वर आणि खाली

डासांच्या अळ्या खाण्यासाठी हौदांत सोडला जाणारा गप्पी मासा बहुतेकांच्या परिचयाचा आहे. त्रिनिदाद बेटावरील ओढे हे त्याच्या मूळ घरांपैकी एक. तेथे धबधब्याखालच्या पाण्यात मोठे शिकारी मासे वाढलेल्या गप्पींना गिळतात. म्हणून ते लवकर वयात येतात आणि पुष्कळ, पण लहान पिले देतात. धबधब्यावर हे शत्रू पोहोचत नाहीत. तेथला रिव्ह्युलस मासा बहुधा पिलांनाच खातो.

१९७६ साली जॉन एंडलर या शास्त्रज्ञाने आरिपो नदीच्या खालच्या पाण्यातील २०० गप्पी धबधब्यावरील एका ओढ्यात सोडले. तेथे पूर्वी गप्पी नव्हते. ११ वर्षांत, म्हणजे ३० ते ६० पिढ्यांत, त्यांची संतती उशिरा वयात येऊ लागली. पिले थोडी, पण मोठी होऊ लागली. प्रयोगशाळेत सारख्याच परिस्थितीत दोन पिढ्या वाढवूनही हा भेद टिकला. बदल सवयीचा नव्हता, बीजातला होता.

एकाही माशाने प्रयत्नपूर्वक स्वतःला पालटले नव्हते. मूळच्या समूहात हे गुण कमीअधिक प्रमाणात विखुरलेले होतेच. नव्या पाण्यात ज्यांना ते उपकारक ठरले, त्यांचा वंश वाढला. विविधता ही अशी संकटकाळासाठी राखलेली शिल्लक आहे. मोजक्याच नरमाद्यांपासून तयार केलेले मत्स्यबीज नदीत सोडले, तर माशांची संख्या भरून निघेल. परंतु ही शिल्लक एकदा गमावली, की ती पुन्हा साठण्यास असंख्य पिढ्या लागतात.