पेणचा गणपती, पवईची लिफ्ट

श्रावणात पेणजवळच्या हमरापूरच्या गणपती कारखान्यात शिरलं की आधी पंख्यांची घरघर ऐकू येते. मूर्तींच्या रांगांकडे तोंड करून ते दिवसरात्र चालू असतात. शाडूची माती सावलीतच वाळवावी लागते, आणि रायगडच्या पावसात ती वाळायचं नाव घेत नाही. घाईने दिवे लावले की कानाच्या मुळाशी, सोंडेच्या वळणावर चीर पडते.

पेण शहरात या कलेचा पाया घालणाऱ्यांत देवधर घराण्याचं नाव पहिलं घेतलं जातं. पुढे हमरापूर, जोहे, तांबडशेत या गावांत घरोघरी साचे आले. भिजवलेली माती मळायची, साच्यात थर दाबायचा, पुढचा नि मागचा भाग जोडायचा, हात-सोंड लावायची, ओल्या फडक्याने सांधे पुसायचे. मग वाळवण, पॉलिशपेपर, सफेदा, अंगाचा रंग. शेवटी आखणी. आखणीचा माणूस वेगळा. तो डोळ्यांना बसला की जवळचा पंखा बंद होतो आणि त्याच्याशी कुणी बोलत नाही. वरच्या पापणीची रेघ एका दमात ओढायची; मधे थांबलं तर जोड दिसतो.

मी माहेरची रोह्याची, राहते पवईला, हिरानंदानीच्या खांब-कमानींच्या शेजारी उभ्या असलेल्या एका टॉवरमध्ये. खोटं कशाला बोलू, मला तिथं आवडतं. चोवीस तास पाणी, चालता येण्यासारखे फुटपाथ, रात्री उशिरा एकटीने परतायची धास्ती नाही. पण त्या राहणीच्या अटी किती लांबवर पोचतात ते कळलं हमरापूरच्या कारखानदाराच्या ऑर्डरच्या वहीत. पेणची, नागोठण्याची गिऱ्हाइकं ‘गेल्या वर्षीसारखाच’ म्हणून निघून जातात. पवई, प्रभादेवी, घोडबंदर रोड या पत्त्यांपुढे मात्र सूचनांची रांग: खडे नकोत, सोनेरी कमी, पीतांबर पिस्ता रंगाचा. एका बाईंनी दिवाणखान्याच्या भिंतीचा फोटो पाठवला होता.

“भिंत बघून देवाला रंग द्यायचा, ताई,” कारखानदार म्हणाले. तक्रार नव्हती त्यात. उलट या फिक्या मातकट रंगांवर त्यांचा जीव आहे. लहानपणी त्यांच्या वडिलांच्या हातचे रंग असेच असायचे म्हणे. वर्षानुवर्षं बाजारानेच झगमगाट मागितला, आणि आता श्रीमंत वस्तीला साधेपणा हवासा झाला आहे. त्याचे पैसेही ती जास्त देते.

उंचीही वस्तीच ठरवते. प्लास्टर ऑफ पॅरिसच्या, म्हणजे पीओपीच्या, मूर्तींना मनाई करणारी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाची २०२० ची मार्गदर्शक तत्त्वं आली तेव्हापासून पीओपीवाल्यांची झोप उडाली होती. ९ जून २०२५ रोजी उच्च न्यायालयाने पीओपीच्या मूर्ती घडवायला नि विकायला मोकळीक दिली. नैसर्गिक पाण्यात विसर्जनाची मात्र तेव्हा दिली नाही. पेणला हायसं वाटलं. आमच्या टॉवरने तोवर शाडूचा ठराव करून टाकला होता. पवई तलावाचा गणेश घाट जवळ, तरी विसर्जन घरच्या बादलीत. तेव्हा मूर्ती बादलीत बुडेल एवढीच हवी.

चतुर्थीच्या आधी पेंढ्यात बसवलेल्या मूर्ती टेम्पोने निघतात. खारपाड्याचा पूल, पनवेल, ऐरोली, पवई. आमच्या गेटवर टेम्पोचा नंबर, चालकाचा फोटो, मग माझ्या मोबाइलवर ओटीपी. मूर्ती घेऊन आलेल्या मुलाला सुरक्षारक्षकाने मागच्या लिफ्टकडे वळवलं. माल आणि माल आणणारे त्याच लिफ्टने, असा नियम आहे. शेजारच्या काकू मधे पडल्या, “अहो, बाप्पा कचऱ्याच्या लिफ्टने कसे जातील?” बराच खल होऊन तोडगा निघाला: बाप्पा पुढच्या लिफ्टने माझ्या हातात, मुलगा मागच्या. त्याला तरी पुढच्या लिफ्टने का नेऊ नये, हे त्या चर्चेत कुणी विचारलं नाही. मीही नाही. तो माझ्या आधी वर पोचला आणि मला बघून ओरडलाच, “ताई, हाताला धरू नका, पाटाखाली धरा!”

रोह्याला गणपती पाटावर, डोक्यावरून, रुमाल झाकून येतो. पुढे झांजा. कुणाच्या घरी कधी आला ते आळीला आपोआप कळतं. इथं आरतीची वेळ सोसायटीच्या मोबाइल गटावर टाकायची, म्हणजे लोक येतात. येतात मात्र हौसेने. एरवी लिफ्टमध्ये मान डोलावणारी तमिळ, सिंधी, बंगाली कुटुंबं मोदक खायला बसतात. कापूर तेवढा पॅसेजमध्ये पेटवायचा नाही, धुराचा भोंगा वाजतो.

विसर्जनानंतर बादलीच्या तळाशी माती बसते. काही वर्षांत आमच्या सगळ्यांच्या कुंड्या भरल्या. ती माती परत घ्याल का, असं मी कारखान्यात विचारलं. “आणा की,” कारखानदार म्हणाले. शाडू गुजरातेतून येते, वाहतूक महाग पडते. “फक्त फुलं-दुर्वा काढून आणा. आणि बादली फिनेलची नको. गेल्या साली एकांनी आणली ती माती मळताना माझ्या पोरांचे हात चुरचुरत होते.”

पुढच्या वर्षाच्या वहीत त्यांनी मुंबईच्या गिऱ्हाइकांसाठी नवा रकाना आखला आहे. उंची, रंग, आणि त्यापुढे बादलीचं तोंड किती इंच.