सोसायटीचे बिल आणि गाळ्याची जप्ती

तळमजल्यावर दुकान आणि वर राहती घरे, अशा इमारती मुंब्रा, कुर्ला, भिवंडी, कोंढवा येथे गल्लोगल्ली आहेत. आमचे अनेक शिंपी, फर्निचरवाले व किराणा व्यापारी बंधू अशाच गाळ्यांत धंदा करतात. सोसायटीने गाळेधारकांवर जादा आकार लावला की संतापाने सगळेच बिल थांबवायचे, ही आपली जुनी सवय. मग एक दिवस जप्तीची धमकी देणारी नोटीस येते. म्हणून या बाबतीतला कायदा आम्ही येथे थोडक्यात मांडत आहोत.

प्रथम बिल नीट वाचावे. २०१४ च्या आदर्श उपविधींनुसार सेवाशुल्क सर्व सभासदांत समान वाटले जाते. पाणीपट्टी नळांच्या संख्येवर व आकारावर ठरते, तर सिंकिंग फंड बांधकाम खर्चावर ठरतो. लिफ्ट वापरत नाही, म्हणून तिचा खर्च देणार नाही, हे गाळेधारकाचे म्हणणे टिकत नाही. तो खर्चही त्या इमारतीतील सर्वांवर समान आहे. दुकानात ठेवलेल्या विशिष्ट मालामुळे विम्याचा हप्ता वाढला, तर ती वाढ दुकानदाराने सोसायची आहे. मात्र केवळ दुकान आहे म्हणून सेवाशुल्क दुप्पट लावले असेल, तर त्याला आधार विचारण्याचा आपला हक्क आहे. जागा भाड्याने दिली असल्यास बिनभोगवटा शुल्क सेवाशुल्काच्या १० टक्क्यांहून जास्त नसावे, असा शासनाचा आदेश २००१ चा आहे.

आता जप्तीविषयी. सेक्रेटरीच्या नोटिशीने गाळा जप्त होत नाही. सोसायटीला सहकार कायद्याच्या कलम १५४ब-२९ खाली (पूर्वी कलम १०१) निबंधकाकडे अर्ज करावा लागतो. निबंधक सभासदाला नोटीस देऊन म्हणणे ऐकतो आणि मगच वसुली दाखला देतो. या तारखेला गैरहजर राहणे ही सर्वांत मोठी चूक होय. दाखला निघाल्यावर रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसूल होते आणि जप्ती व लिलावापर्यंत पाळी येते. दाखल्याविरुद्ध पुनरीक्षण अर्जाची मुदत दोन महिने आहे, आणि त्यासाठी निम्मी रक्कम आधी भरावी लागते.

हिशेब पाहा. समजा महिन्याचे बिल ३,२०० रुपये आहे व त्यातले १,२०० वादाचे आहेत. सगळे बिल वर्षभर थांबवले, तर ३८,४०० रुपये थकतात. २०१४ च्या आदर्श उपविधींतील कमाल २१ टक्के दराने त्यावर सुमारे ३,७०० रुपये सरळव्याज चढते. फक्त वादाची रक्कम रोखली, तर थकबाकी १४,४०० व व्याज सुमारे १,४०० रुपये होते. वादाची रक्कमही 'हक्क राखून' असे लिहून भरली, तर व्याजही नाही आणि थकबाकीदाराचा शिक्काही नाही. ज्या व्याजापासून आपण दूर राहू पाहतो, ते आपल्याच हट्टाने अंगावर का घ्यावे?

तेव्हा मान्य रक्कम दरमहा चेकने भरावी. वादाच्या बाबीवर लेखी हरकत द्यावी व पोच घ्यावी. उपविधी आणि ज्या सभेत आकार ठरला तिच्या इतिवृत्ताची प्रत मागावी. सोसायटीने दाद दिली नाही, तर उपविधीच्या भंगाबद्दल उपनिबंधकाकडे तक्रार करावी, किंवा कलम ९१ खाली सहकार न्यायालयात दावा लावावा. समितीने पाणी तोडण्याची धमकी दिली, तर तीही लेखी मागावी. वसुलीचा मार्ग कायद्याने ठरवलेला आहे आणि नळ तोडणे हा त्यातला मार्ग नाही.

देण्याघेण्याचा व्यवहार लिहून ठेवावा, अशी ताकीद सूरे बकरामध्ये आहे. आपले बांधव दुकानाची वही चोख ठेवतात, पण सोसायटीच्या पावत्या मात्र कुठेतरी टाकतात. सुनावणीच्या दिवशी तोंडी तक्रारीपेक्षा या पावत्याच उपयोगी पडतात, हे आमचे सांगणे आहे.