जाळीआडचे आईबाप

संपादकांना हवा होता शोभेच्या माशांच्या धंद्यावरचा लेख. क्रॉफर्ड मार्केटमधली दुकानं, आयात, उलाढाल, ‘तरुणांसाठी संधी’ वगैरे. त्या निमित्ताने डोंबिवलीत एका घरी डिस्कस नावाच्या माशाची पैदास होते ती बघून यावी म्हणून गेले, आणि उलाढाल बाजूला राहिली. लक्ष अडकलं ते तारेच्या एका जाळीत.

घर तळमजल्यावरचं, दोन खोल्यांचं. त्यातली आतली खोली माशांची. लोखंडी अँगलच्या मांडणीवर वीसेक टाक्या, प्रत्येकीत कोपऱ्यात बुडबुडणारा स्पंज फिल्टर, खाली वाळू नाही, झाडं नाहीत, दगड नाहीत. दुकानातल्या फिशटँकची सवय असलेल्या डोळ्यांना हे सगळं दवाखान्यासारखं ओकंबोकं वाटतं. मालक आधी औषध कंपनीत क्वालिटी कंट्रोलला होते. गिऱ्हाईक त्यांना काका म्हणतं, म्हणून इथेही काकाच. प्रत्येक टाकीवर चिकटपट्टी, तिच्यावर तारीख आणि बारीक अक्षरात खुणा. काही पट्ट्यांवर नुसताच ‘जा’. म्हणजे जाळी.

डिस्कसचा अधिकृत इतिहास थोडक्यात उरकते. मूळ गाव ॲमेझॉनचं खोरं. योहान नाटेरर नावाच्या ऑस्ट्रियन संग्राहकाने ब्राझीलमधून व्हिएन्नाला पाठवलेल्या नमुन्यावरून योहान याकोब हेकेल यांनी 1840 साली त्याला शास्त्रीय नाव दिलं. बाजूने पाहिला तर गोल, समोरून पाहिला तर जेमतेम दोन बोटं जाडीचा. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जर्मनीत डॉक्टरकी करणारे एदुआर्द श्मिट-फोके आणि फ्लोरिडातले जॅक वॉटली यांनी निवडून निवडून त्याचे रंग पक्के केले. पुढे हा धंदा थायलंड, मलेशिया, सिंगापूरकडे सरकला, आणि आज आपल्याकडच्या दुकानांतली बरीच रंगीत पिल्लं तिकडूनच येतात.

या माशाचं खरं वैशिष्ट्य रंगात नाही. पिल्लं पोहायला लागली की पहिले काही दिवस आईबापांच्या अंगावरचा चिकट स्राव खाऊन जगतात. आईच्याही आणि बापाच्याही. हिल्डेमान या अमेरिकी शास्त्रज्ञाने 1959 साली यावर निबंध लिहिला. 2010 मध्ये ब्रिटिश आणि ब्राझिलियन संशोधकांनी हे जवळून तपासलं तेव्हा दिसलं, की अंडी घातल्यावर या स्रावातली प्रथिनं आणि प्रतिपिंडं वाढतात, पहिले दोन आठवडे आईबाप पिल्लांसमोर जवळजवळ मुकाट उभे राहतात आणि तिसऱ्या आठवड्यापासून हळूच अंग काढून घेऊ लागतात. दूध तोडण्याचा हा प्रकार माशात असेल असं कोणाच्या मनात येतं?

आता गंमत अशी, की पोरांना अंगावर पाजणारे हेच आईबाप स्वतःची अंडी खातात. पिल्लंही खातात.

‘‘रात्री दोनशे अंडी बघून झोपायचं आणि सकाळी कोन चकाचक,’’ काका म्हणाले. कोन म्हणजे टाकीच्या मधोमध उभा केलेला लाल मातीचा शंकू, वीतभराहून थोडा उंच. मादी त्यावर खालून वर सरकत अंड्यांची ओळ टेकवत जाते, नर मागून येतो. आधी दोघं मिळून तो कोन तोंडाने तासन्‌तास घासतात. काकांची सगळी दिनचर्या या घासण्यावर बेतलेली. जोडीने कोन घासायला घेतला की लग्नंसुद्धा अर्ध्यावर सोडून घरी यायचं, अशी काकूंची तक्रार आहे.

का खातात, याची कारणं काकांनी बोटांवर मोजली आणि बोटं कमी पडली. जोडी नवखी असली की पहिल्या दोन-तीन वेळा खातातच. फळलेलं अंडं पारदर्शक, मधाच्या रंगाचं राहतं. न फळलेलं पांढरं पडतं, त्याला बुरशी धरते. पांढरी अंडी काढून टाकणं हे आईबापांचं कामच, पण वेचता वेचता हात, म्हणजे तोंड, चांगल्या अंड्यांवरही जातं. कधी राखणीचा मान कोणाचा यावरून दोघांत जुंपते आणि भांडणात अंडी जातात. कधी शेजारच्या टाकीतला मासा दिसतो. कधी कोणी दार आपटतं. निसर्गात यामागे हिशेब आहे: धोक्यात आलेली वीण वाया घालवण्यापेक्षा पोटात घातली तर आठवड्या-दीड आठवड्यात पुन्हा अंडी घालायला बळ राहतं. काचेच्या चार भिंतींत मात्र धोका कधी टळतच नाही, असं त्या माशाला वाटत असावं.

म्हणून जाळी. बाजारात मिळणारी स्टीलची तार-जाळी नळीसारखी वळवून कोनाभोवती उभी करायची. अंतर एवढंच, की ओठ पोचू नयेत पण पंखांनी घातलेला वारा पोचावा. मी गेले तेव्हा एका टाकीत हाच प्रकार चालू होता. नर जाळीच्या बाहेर उभा राहून छातीचे पंख एका लयीत हलवत होता, मध्येच जाळीला तोंड लावून पाहत होता, मागे हटत होता, पुन्हा वारा घालत होता. अंडी खायला तो पुढे येत होता की साफ करायला, मला सांगता आलं नसतं. काकांनाही येत नाही. ‘‘ताई, जाळी आहे तोवर प्रश्नच येत नाही. म्हणून तर जाळी.’’

साधारण साठ तासांनी अंड्यांतून शेपट्या वळवळायला लागतात. पिल्लं अजून पोहत नाहीत, डोक्यावरच्या चिकट ग्रंथींनी कोनाला लोंबत राहतात. आणखी दोन-तीन दिवस असेच. काका त्यांच्या पद्धतीने पोहण्याच्या आदल्या दिवशी जाळी काढतात, आणि मग त्यांच्या मते खरी परीक्षा. एखादं पिल्लू कोनावरून सुटून खाली जातं. मादी झपकन वळते, त्याला तोंडात घेते. आता बघत राहायचं. एक सेकंद, दोन सेकंद. तिने कोनाजवळ जाऊन फुंकल्यासारखं ते परत चिकटवलं तर आई. नाही चिकटवलं तर जेवण. बाहेरून दोन्ही कृती अगदी सारख्या दिसतात.

पोहायला लागलेल्या पिल्लांना आईबाप सापडणं ही पुढची अडचण. पिल्लं गडद रंगाकडे ओढली जातात, आणि डिस्कस या काळात काळवंडतो तो त्यासाठीच. टाकीत दुसरं काही गडद असलं की घोळ. काकांच्या एका जोडीची पिल्लं पहिल्या दिवशी थव्याने काळ्या हीटरला जाऊन चिकटली होती. तेव्हापासून हीटर फिकट, फिल्टर आडोशाला, आणि पाणी निम्म्याहून खाली, म्हणजे चुकायला जागाच नाही. रात्रभर झिरोचा दिवा. ‘‘चिकटली’’ हा या खोलीतला सगळ्यात आनंदाचा शब्द आहे. मी पाहिलेल्या टाकीत चिकटली होती: डासाच्या अळीएवढी दीडशेक पिल्लं तपकिरी नराच्या कुशीला टोचे मारत होती. थोड्या वेळाने त्याने अंग थरथरवलं, सट्‌कन बाजूला झाला, आणि तो अख्खा घोळका क्षणभर अधांतरी राहून मादीकडे वळला. पाळी बदलली. दोन आठवड्यांनी हीच पिल्लं इतकी आडदांड होतात, की आईबापांच्या कुशी सोलवटतात. तेव्हा पिल्लं काढतात ती आईबापांना वाचवण्यासाठी.

इथपर्यंत मी खूश होते. मग पिजन ब्लडची टाकी आली.

पिजन ब्लड हा 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला थायलंडमधून जगभर गेलेला प्रकार. केशरी-लाल, अंगावरचे उभे पट्टे गायब, गिऱ्हाईक आल्या आल्या बोट दाखवतं तो मासा. याला काळवंडताच येत नाही. पिल्लं पोहायला लागतात, समोर झगझगीत आईबाप उभे असतात, आणि पिल्लांना ते दिसतच नाहीत. माणसाने रंग निवडला आणि त्याच निवडीत पिल्लांच्या वाटेवरचा दिवा विझवला. त्यावर उपाय तपकिरी दाईचा: साध्या, रानटी रंगाच्या जोडीने त्याच सुमारास अंडी घातली असतील तर पिजन ब्लडची पिल्लं तिच्याकडे सोडायची. ती आपपर करत नाही. अट एकच, दोन्हींच्या तारखा जुळायला हव्यात.

दुसरा उपाय आईबापांनाच वगळायचा. वॉटली यांनी हा प्रयोग फार आधी केला: अंडी वेगळी काढायची, पिल्लांना उथळ भांड्यात ठेवून कडेला अंड्याच्या बलकाचा लेप द्यायचा, दिवसातून अनेकदा पाणी बदलायचं. काकांनी तो करून सोडून दिला. बलकाने पाणी तासाभरात नासतं, आणि जगलेली पिल्लंही त्यांना ‘कच्ची’ वाटली. आईबापांच्या अंगावरून पिल्लांच्या पोटात उपयोगी जिवाणूही जातात हे 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने दाखवलं आहे. बलकात ते कुठून येणार?

पण काकांची खरी काळजी वेगळीच, आणि ती ऐकल्यापासून मलाही लागली आहे. जाळी नसती तर अंडी खाणाऱ्या जोडीचा वंश तिथेच संपला असता. जाळीमुळे तो वाढतो. खाण्याची खोड रक्तातून येते का, याचा पुरावा त्यांच्याकडे नाही, फक्त वही आहे. त्या वहीत ‘जा’ शेरा असलेल्या जोड्यांच्या लेकींच्या नावापुढेही ‘जा’ दिसतो, जरा जास्तच वेळा. ‘‘माझ्या वहीवर रिसर्च होत नाही,’’ ते स्वतःच म्हणाले. तरी त्यांनी नियम केला आहे: तीन वेळा जाळीशिवाय संधी, मग जाळी, आणि जाळीतली पिल्लं पैदाशीसाठी ठेवायची नाहीत, फक्त विकायची. नियम स्वतःपुरता. घेणारा त्यांची जोडी लावणार नाही याची हमी कोण देणार? आणि गिऱ्हाईक रंग बघतं, गोलाई बघतं, डोळा लाल आहे का बघतं. मादी पोरं सांभाळते का, हे आजवर एकाच माणसाने विचारलं, आणि तोही मासे घ्यायला नाही, इन्व्हर्टर दुरुस्त करायला आला होता.

इन्व्हर्टर या घरातलं सगळ्यात महागडं यंत्र. वीज गेली तर गारव्यापेक्षा अंधाराची भीती. गच्च काळोखातून एकदम दिवे लागले की जोड्या बिथरतात आणि पहिला घास अंड्यांचा. म्हणून बॅटरीवर हवेचे पंप आणि झिरोचे दिवे, हीटर नाहीत. पाण्याचं दुखणं निराळं. ज्या रिओ निग्रोच्या खोऱ्यात नाटेरर हिंडला, तिथलं पाणी चहाच्या रंगाचं, आंबट आणि क्षार जवळपास नसलेलं. इथे नळाच्या पाण्यात आरओचं पाणी मिसळून तिकडे जमेल तेवढं जवळ जायचं, कारण पाणी जड असलं तर अंडी फळण्याचं प्रमाण घसरतं. जूनच्या पहिल्या पावसात नळ गढूळ होतो, क्लोरिनचा वास येतो, मग पिंपात क्लोरिन मारणारे हायपोचे खडे टाकून रात्रभर हवा मारायची. आणि नेमक्या याच दिवसांत थोडं गार, ताजं पाणी मिळालं की पावसाळा आला असं समजून मासे अंडी घालायला उतावीळ होतात. पाणी बदलणं रोजचं, हातानं, निम्म्या टाकीचं. काकांची कंबर त्यामुळे गेली आहे. खाद्याला म्हशीचं हृदय, कोळंबी आणि पालक एकत्र वाटून पिशव्या गोठवायच्या. त्यासाठी मिक्सर वेगळा, फ्रीजर वेगळा, हा काकूंचा नियम, आणि तो मात्र आजवर एकदाही मोडलेला नाही.

बँकॉकहून आलेली रंगीत पिल्लं दुकानात ज्या भावाला पडतात, त्या भावात काकांचं वीजबिलही निघत नाही. त्यामुळे पिजन ब्लडच्या जोडीला नियम लावायचा की तिच्यावर घर चालवायचं, हा प्रश्न दर पंधरवड्याला उभा राहतो. मी निघताना त्या जोडीने कोन घासायला घेतला होता. तपकिरी दाईने अजून नाही. तिच्या टाकीत गार पाण्याची बादली ओतून काका म्हणाले, आज रात्री हिने मनावर घेतलं तर ठीक, नाहीतर सकाळी जाळी आणि आठवड्याने पुन्हा तोच बलक.