न सुटणारा नट

आज बोलायचंय न सुटणाऱ्या नटाबद्दल. विषय छोटा वाटेल. पण तो नट स्टिअरिंगचा असेल, तर त्याच्यावर केलेली घाई पुढे महामार्गावर महागात पडते.

गोष्ट माझ्याच गाडीची. रत्नागिरीला मेहुण्यांच्या अंगणात दहा वर्षं उभी राहिलेली छोटी हॅचबॅक मी बंगळूरला आणली. बंगळूर समुद्रापासून लांब, नऊशे मीटर उंचीवर. इथे गाडी तशी कमी गंजते. पण कोकणातल्या खाऱ्या हवेनं गाडीच्या पोटाशी आपलं काम आधीच उरकलं होतं. उरलेलं इथल्या खड्ड्यांनी आणि स्पीडब्रेकरांनी केलं. स्टिअरिंग सैल लागायला लागलं आणि खड्डा आला की पुढून ‘कट्‌ कट्‌’ ऐकू यायचं.

तपासायची पद्धत सोपी आहे. पुढचं चाक उचला, घड्याळातल्या नऊ आणि तीनच्या जागी धरून हलवा. खेळ जाणवला आणि टाय रॉडच्या टोकाचा सांधा हलताना दिसला, तर टाय रॉड एंड गेला म्हणायचं. खेळ बारा आणि सहाच्या जागी असेल, तर व्हील बेअरिंग किंवा खालचा बॉल जॉइंट बघा.

गणपतीला सगळ्यांना घेऊन बेळगावमार्गे कोकणात जायचं होतं. मी जे. सी. रोडवरून दोन्ही बाजूंचे नवे एंड आणले आणि रविवारी सकाळी पार्किंगमध्ये कामाला लागलो. नट हलेना. पान्याला पाईप लावला, अंगाचा भार टाकला. पाना सटकला, नटाचे कोपरे गोल झाले आणि गाडी जॅकवर डुलली. खाली स्टँड लावला नव्हता आणि माझा पाय गाडीखाली होता. पाय वाचला तो नशिबानं, अकलेनं नाही.

दुसऱ्या दिवशी शिवाजीनगरमधल्या एका वयस्कर मिस्त्रींना घेऊन आलो. त्यांनी नट पाहिला, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, “स्वल्प निधान, सर.” कानडीत निधान म्हणजे सावकाश. त्यानंतरच्या दोन तासांत मला कळलं, की नट अडला म्हणजे जोर कमी पडला असं नसतं. तो का अडलाय ते आधी ओळखायचं. इथे कारणं तीन असतात आणि तिन्हींचे उपाय वेगळे आहेत.

पहिलं कारण गंज. लोखंडापेक्षा त्याचा गंज जास्त जागा व्यापतो, म्हणून तो आट्यांमध्ये पाचरीसारखा बसतो. आधी तारेच्या ब्रशनं उघडे आटे साफ करा. मग गंज सोडवायचं पातळ तेल मारा आणि शक्यतो रात्रभर मुरू द्या. जाड इंजिन ऑइल त्या बारीक फटीत शिरत नाही. सकाळी हातोडीनं नटावर चारी बाजूंनी हलके ठोके द्या. फिक्स पाना दोनच बाजू धरतो आणि कोपरे खातो. रिंग पाना किंवा सहा कोनांची गोटी वापरा. नट जरा हलला की एकदम सोडवू नका. थोडा सैल, थोडा घट्ट, पुन्हा सैल, असं करत आणा.

दुसरं कारण, नटाबरोबर आतला बोल्टही गरागरा फिरतो. कारण बॉल जॉइंटचा बोल्ट खालून सुटाच असतो, त्याला धरून ठेवतो तो फक्त त्याचा निमुळता भाग. अशा वेळी सांध्याखाली छोटा जॅक लावून हलकासा वर दाबा. निमुळता भाग भोकात रुततो आणि बोल्ट थांबतो. काही बोल्टांच्या टोकाला ॲलन कीसाठी खाच असते, ती आधी पाहा.

तिसरं कारण, नट निघाला तरी एंड निघत नाही. इथे बरेच जण बोल्टच्या टोकावर घण घालतात. टोक चेपतं आणि काम अडतं. मिस्त्रींनी नट दोन आट्यांवर ठेवला, म्हणजे सांधा सुटून आदळू नये. मग ज्या दांडीच्या डोळ्यात बोल्ट बसतो, त्या डोळ्यावर आडवे दोन दणके दिले. डोळा क्षणभर दबला आणि बोल्ट ‘टक्‌’ करून सुटला. दांडी ॲल्युमिनियमची असेल तर मात्र हातोडा नको, पुलर वापरा.

लॉक नटचा एक क्रम लक्षात ठेवा. एंड दांडीत घट्ट बसलेला असतानाच लॉक नट पाव फेरा सैल करा. नंतर धरायला काही उरत नाही. एंड किती फेऱ्यांत निघाला ते मोजा आणि नवा तितक्याच फेऱ्यांवर बसवा.

ज्योत लावायचा मोह होतो. शेजारी रबर, ग्रीस आणि ब्रेकचा पाईप असतो, वर आपणच तेल मारलेलं असतं. शिवाय जो भाग गाडीत राहणार आहे, तो तापवला तर त्याची ताकद बदलू शकते. माझा गोल झालेला नट मिस्त्रींनी छिन्नीनं फोडला. तो टाकूनच द्यायचा होता, म्हणून चाललं.

जोडताना कसर नको. स्प्लिट पिन किंवा नायलॉनचा लॉकिंग नट नवाच घ्या. कंपनीनं सांगितलेल्या टॉर्कपर्यंत आवळा. पिनचं भोक जुळलं नाही तर नट थोडा पुढे आवळा, मागे कधीच नाही. शेवटी व्हील अलाइनमेंट करा. फेऱ्या मोजल्या म्हणून ते टळत नाही, आणि नाही केलं तर टायर एका बाजूनं झिजतात.

एवढं सगळं का? सांधा चालत्या गाडीत निसटला, तर त्या बाजूचं चाक स्टिअरिंगचं ऐकत नाही. म्हणून आटे गेले, दांडीला चीर दिसली किंवा मनात शंका आली, तर तिथेच थांबा आणि गाडी टो करून गॅरेजला न्या. त्यात कमीपणा नाही.

त्या वर्षी आम्ही ठरल्यापेक्षा दोन दिवस उशिरा निघालो. गणपती गावी सापडले, स्टिअरिंग सरळ होतं. आता मी गाडीखाली हात घालण्याआधी स्टँड लावतो, मग तेल मारतो आणि चहा करायला जातो. तुम्हीही तसंच करा. भेटू पुढच्या भागात!