रिळाला रंग देण्यापूर्वी

भिवंडीत 'रीळ' म्हटले की डोळ्यांपुढे दोऱ्याचे रीळ येते. पण भरतीच्या वेळी कशेळी-काल्हेरच्या बाजूला खाडीच्या काठावर गेलात, तर गळ टाकून बसलेल्या माणसाच्या काठीला एक वेगळेच रीळ जोडलेले दिसेल. त्याला एक मूठ असते, एक तारेची कमान असते आणि पुढच्या फिरकीवर तंगूस, म्हणजे नायलॉनचा एकपदरी धागा, गुंडाळलेला असतो. हे दुसरे रीळ पहिल्याचे अगदी जवळचे नातेवाईक आहे.

घराजवळ धोट्याचा माग असेल, तर तो बंद असताना धोटा हातात घेऊन पाहा. आत कांडी असते. मागावर कापड विणले जात असताना ही कांडी स्वतःभोवती फिरत नाही. ती जागच्या जागी राहते आणि धागा तिच्या टोकावरून वेढ्यामागून वेढा सुटत जातो. कांडीला फिरावे लागले असते, तर धोट्याच्या प्रत्येक फेरीत तिला जडत्वावर मात करून एकदा सुरू व्हावे लागले असते आणि एकदा थांबावे लागले असते. सुरू होताना धागा तुटला असता, थांबताना त्याचा गुंता झाला असता. गळाच्या जुन्या रिळांची नेमकी हीच अडचण होती. गळ फेकला की फिरकी गरगर फिरायची, गळ पाण्यात पडला तरी थांबायची नाही, आणि हातात गुंता यायचा. इंग्लंडमधील ब्रॅडफर्ड या लोकरीच्या कापडासाठी प्रसिद्ध असलेल्या शहरातील एक गिरणीमालक, आल्फ्रेड होल्डन इलिंगवर्थ, यांनी १९०५ साली न फिरणाऱ्या फिरकीच्या रिळाचे पेटंट घेतले. गिरणीतल्या बॉबिनच्या टोकावरून सुटणारा धागा पाहून त्यांना ही कल्पना सुचली, असे सांगतात. आज खाडीवर दिसणारी बहुतेक रिळे याच वंशातली आहेत.

आता अशा रिळाच्या रंगाकडे वळू. दोन-तीन पावसाळे आणि खाडीचे खारे वारे सोसले की रिळाचा रंग टवके निघून पडू लागतो. खाली पांढरी भुकटी दिसते. मग घरातले कोणीतरी सुचवते, 'त्यात काय, रंगाचा एक हात मारून टाक!' हात मारला जातो आणि रीळ आठवडाभर नव्यासारखे दिसते. पण त्या नव्या रंगाखाली धातू पूर्वीसारखाच खाल्ला जात असतो, आता तर नजरेआडही. काठीला जोडणारी रिळाची मान सर्वांत बारीक असते. ती आतून पोखरली गेली, तर मोठा जिताडा गळाला लागण्याच्या नेमक्या क्षणी मोडते. तेव्हा रंगाचा डबा उघडण्यापूर्वी खाली काय चालले आहे, ते समजून घेतले पाहिजे.

चांगल्या रिळांचे शरीर बहुधा ॲल्युमिनिअमच्या मिश्रधातूचे असते. ॲल्युमिनिअम हा फार क्रियाशील धातू आहे, तरीही तुमच्या घरातले पातेले वर्षानुवर्षे टिकते. याचे कारण हवेचा स्पर्श होताच त्याच्यावर ऑक्साइडचा एक पातळ, घट्ट थर बसतो. त्याची जाडी असते मिलिमीटरच्या काही दशलक्षांश भागांएवढी. हा थर खरवडला तर क्षणात पुन्हा तयार होतो. लोखंडाच्या गंजाला ही सोय नाही. तो सच्छिद्र असतो, सुटून पडतो आणि खालचे ताजे लोखंड उघडे करतो.

मग रिळाचे ॲल्युमिनिअम का खाल्ले जाते? त्याचा पहिला शत्रू म्हणजे मीठ. समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. खाडीत ते प्रमाण भरती-ओहोटीप्रमाणे कमीजास्त होते, पण पुरेसे असते. मिठातले क्लोराइड आयन ऑक्साइडच्या थराला जागोजाग भोके पाडतात. दुसरा शत्रू रिळाच्या आतच बसलेला असतो, तो म्हणजे पोलादी स्क्रू. दोन भिन्न धातू एकमेकांना टेकलेले आणि वर खारे पाणी, म्हणजे तयार झाला विद्युत घट! प्रमाण विद्युतविभवांच्या कोष्टकात ॲल्युमिनिअमचा आकडा –१.६६ व्होल्ट आहे आणि लोखंडाचा –०.४४. खाऱ्या पाण्यात हे आकडे असेच राहत नाहीत, कारण ऑक्साइडचा थर मध्ये येतो. पण क्रम तोच राहतो. ॲल्युमिनिअम धनाग्र होते आणि विरघळते. रंग नेहमी स्क्रूच्या भोवताली आधी का सुटतो, याचे उत्तर इथे आहे. विरघळलेल्या ॲल्युमिनिअमपासून हायड्रॉक्साइडची पांढरी भुकटी बनते. तिला मूळ धातूपेक्षा जास्त जागा लागते, म्हणून ती वरच्या रंगाला खालून उचलते.

आता एक गोष्ट सांगतो, तिचे विद्यार्थ्यांना नेहमी आश्चर्य वाटते. रंगाचा थर पाणी पूर्णपणे अडवत नाही. पाण्याचे रेणू त्यातून हळूहळू आत जातात, क्षार मात्र सहजासहजी जात नाहीत. म्हणजे रंगाचा थर हे एक अर्धपार्य पटलच झाले. जीवशास्त्राच्या तासाला भिजत घातलेले बेदाणे टम्म फुगलेले तुम्ही पाहिले असतील. समजा, रिळावर मिठाचे चार कण शिल्लक असताना तुम्ही त्यावर रंग दिलात. रंगातून आत आलेल्या पाण्यात ते मीठ विरघळते आणि परासरणाने आणखी पाणी आत ओढते. रंगाला फोड येतो. बाहेरून कितीही महागडा रंग दिला, तरी हे टळत नाही. टवक्यांच्या कडेने रंगाखाली दोऱ्यासारख्या वळणदार रेघा सरकलेल्या दिसतात, तेही दमट हवेत मिठाच्या मदतीने पसरणारे संक्षारणच असते.

तेव्हा पहिले काम रंगाचे नव्हे, पाण्याचे. फिरकी, मूठ, कमान काढता येईल तेवढी काढा. कोणता भाग कुठला, हे कागदावर चित्र काढून ठेवा. मोबाइलने छायाचित्र घेतलेत तर उत्तमच. सुटे केलेले कवच गोड्या पाण्यात काही तास भिजत ठेवा आणि पाणी दोनतीनदा बदला. नुसते नळाखाली धरून भागत नाही, कारण खड्ड्यांतले मीठ बाहेर यायला वेळ लागतो. आतली दंतचक्रे आणि बेअरिंग मात्र पाण्यात बुडवू नका.

मग जुना रंग काढायचा. इथे भिवंडीकरांना एक खास इशारा द्यायला हवा. कापडावरच्या प्रक्रियेत वापरला जाणारा कॉस्टिक सोडा आपल्या गावात सहज मिळतो आणि त्याने रंग निघतो, हेही खरे. पण तो ॲल्युमिनिअमलाही सोडत नाही. ऑक्साइडचा थर विरघळवून तो धातूवर तुटून पडतो, उष्णता निर्माण होते आणि ज्वालाग्राही हायड्रोजन बाहेर पडतो. डोळ्यांना तर तो अत्यंत घातक आहे. धुण्याचा सोडाही या कामाला नको. बारीक पॉलिश पेपर आणि पाणी एवढ्यावर काम होते. आधी ३२० किंवा ४०० नंबरचा कागद घ्या, शेवटी ६०० नंबरचा. घासायचे ते ओलेच. जुन्या रंगात शिसे असू शकते आणि कोरडे घासले की त्याची धूळ नाकातोंडात जाते. भारतात घरगुती रंगांतील शिसे दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा जास्त नसावे, असा नियम २०१६ साली झाला आणि तो नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. पण तुमच्या रिळावरचा रंग बहुधा कारखान्यातला, आणि कदाचित त्याहून जुनाही.

आणखी एक पाहा. सगळीच रिळे धातूची नसतात. काहींचे शरीर नायलॉनमध्ये कार्बन किंवा काचतंतू मिसळून केलेले असते. नखाने वाजवले तर आवाज बद आणि स्पर्शाला धातूसारखा गारवा नाही, असे असेल तर त्याला थिनर लावू नका. काही प्लॅस्टिके त्याने मऊ पडतात.

घासून झाले, साबणाने धुऊन झाले. आता पृष्ठभाग खरोखर स्वच्छ आहे का, हे कसे ओळखणार? डोळ्यांवर विश्वास ठेवू नका, पाण्यालाच विचारा! रीळ पाण्यात बुडवून बाहेर काढा. पाण्याचा पापुद्रा सर्वत्र सलग राहिला तर ठीक. कुठे पाणी फाटून थेंब-थेंब झाले, तर तिथे तेलाचा अंश आहे. तुमच्या पुस्तकातला स्पर्शकोन तो हाच. परीक्षेपुरती पाठ केलेली ही राशी इथे रंगाचे भवितव्य ठरवते. पाण्याचा पृष्ठताण मीटरला सुमारे ०.०७२ न्यूटन असतो. रंगातल्या द्रावकांचा साधारण ०.०२५ ते ०.०३०. त्यामुळे रंग पाण्यापेक्षा सहज पसरतो आणि तेलकट जागाही झाकतो. आपण फसतो ते इथेच. तेलावर पसरलेला रंग तेलाला चिकटलेला असतो, धातूला नव्हे. कागद, ताट आणि बोटभर खोबरेल तेल एवढ्यावर हा प्रयोग वर्गातही करता येईल.

लोखंडी खिडक्यांना लावतात तो लाल ऑक्साइडचा प्रायमर ॲल्युमिनिअमवर नीट धरत नाही. गाड्या रंगवणाऱ्यांकडे वॉश प्रायमर किंवा एच प्रायमर मिळतो, तो घ्यावा. त्यात थोडे फॉस्फरिक आम्ल असते. ते पृष्ठभाग किंचित कोरते आणि रंगाला पकड देते. धुतलेल्या धातूला बोटे न लावता, त्याच दिवशी हा थर द्यावा.

रंग किती लागेल? थोडा हिशोब करू. रिळाचा रंगवायचा भाग १५० चौरस सेंटिमीटर धरा आणि ओल्या थराची जाडी मिलिमीटरचा विसावा भाग, म्हणजे ०.००५ सेंटिमीटर. गुणाकार ०.७५ घन सेंटिमीटर! चहाच्या चमच्यात सुमारे ५ घन सेंटिमीटर रंग मावतो, म्हणजे एका चमच्यात सहा थर. पण आपण घाईने एकाच वेळी दोन थरांचा रंग फासतो आणि तो ओघळतो. उभ्या पृष्ठभागावर द्रवाचा थर खाली सरकतो, तेव्हा त्याचा वेग जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. जाडी दुप्पट केली की वेग चौपट. सरकणारा थरच दुप्पट जाड, म्हणून खाली वाहून जाणारा रंग आठपट. पातळ थर देऊन थांबण्याचा जुन्या रंगाऱ्यांचा हट्ट भौतिकशास्त्राला धरूनच आहे.

पावसाळ्यात मात्र हे काम काढू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. द्रावक उडून जाताना पृष्ठभाग थंड होतो. हवेचे तापमान २८ अंश आणि सापेक्ष आर्द्रता ९० टक्के असेल, तर दवबिंदू सुमारे २६ अंश असतो. फक्त दोन अंशांनी रंग थंड झाला की त्यावर हवेतली वाफ साचते. लवकर सुकणाऱ्या लॅकर जातीच्या रंगांवर यामुळे दुधाळ सावट येते. आर्द्रता ५० टक्के असताना हाच दवबिंदू १७ अंशांच्या आसपास उतरतो आणि काळजी मिटते. डिसेंबर-जानेवारीतली कोरडी दुपार निवडा. जागा मोकळी हवी, जवळ शेगडी किंवा उदबत्तीसुद्धा नको. थिनरची वाफ पेट घेते, आणि बंद खोलीत तिने डोके गरगरते. शाळकरी मुलांनी घरातील मोठे माणूस बरोबर असतानाच डबा उघडावा.

सगळीकडे रंग द्यायचा नाही, हेही ध्यानात ठेवा. फिरकीची पुढची कड उघडीच राहू द्या. गळ फेकताना तंगुसाचा प्रत्येक वेढा त्या कडेवरून घसरत जातो, अगदी कांडीच्या टोकावरून जातो तसा. रंगाचा एक उंचवटा तिथे राहिला तर घर्षण वाढते, फेक तोकडी पडते आणि धागा झिजतो. दांडा, कमानीचा छोटा रोलर, स्क्रूची भोके आणि जिथे दोन भाग एकमेकांवर फिरतात त्या जागा चिकटपट्टीने झाका.

एनॅमल रंग हाताला न चिकटण्याइतका सुकला, म्हणजे कठीण झाला असे नाही. तो हवेतला ऑक्सिजन घेऊन कठीण होतो आणि ही क्रिया वरून खाली सरकते. आठवडाभर तरी रीळ तसेच टांगून ठेवा. जोडताना प्रत्येक पोलादी स्क्रूला ग्रीसचे बोट लावा, म्हणजे दोन धातूंच्या मध्ये खारे पाणी शिरणार नाही. आणि खाडीवरून परत आल्यावर रीळ गोड्या पाण्याच्या हलक्या धारेखाली धरा; जोराच्या धारेने मीठ उलट आत ढकलले जाते.