रस्त्यावर पाणी भरलंय, गाडी घालायची का?

नवी मुंबईतल्या रबाळ्याच्या पूर्वेला पारसिकचा डोंगर आहे आणि पश्चिमेला ठाण्याची खाडी. मधल्या पट्ट्यात एमआयडीसी, ठाणे-बेलापूर रस्ता, ट्रान्स-हार्बरचे रूळ आणि दाट वस्ती. रस्ता आणि रूळ उत्तर-दक्षिण धावतात, तर डोंगरावरचं पाणी पूर्वेकडून पश्चिमेला, खाडीकडे जातं. त्याला वाट आहे ती नाल्यांची आणि मोऱ्यांची. मुसळधार पावसात त्या अपुऱ्या पडल्या की पाणी रस्त्यावर येतं. इथे भरलेलं पाणी अनेकदा नुसतं साचलेलं नसतं, ते वाहत असतं. स्टिअरिंगवर बसून निर्णय घेताना हीच गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही.

गैरसमज : पाणी गुडघ्याच्याही खाली आहे. एवढ्याने काय होतंय!

वस्तुस्थिती : गाडी तरंगायला फार पाणी लागत नाही. छोट्या हॅचबॅकचं वजन साधारण ९०० किलो असतं आणि तिचा तळ जमिनीपासून १७ सेंटीमीटरच्या आसपास. तळाचं क्षेत्रफळ साडेपाच चौरस मीटर धरलं, तर तळाच्या वर चढणारं दर १० सेंटीमीटर पाणी गाडीला सुमारे ५५० किलोचा वरचा रेटा देतं. म्हणजे रस्त्यावर ३०-३५ सेंटीमीटर पाणी झालं, की आत पाणी शिरेपर्यंत गाडीचा जवळपास सगळा भार पाणीच पेलतं. टायरची पकड सुटते. मग ब्रेक आणि स्टिअरिंग दोन्ही निरुपयोगी ठरतात आणि गाडी पाणी नेईल तिकडे जाते. त्यात प्रवाहाचा वेग दुप्पट झाला तर त्याचा रेटा चौपट होतो. पाणी ६० सेंटीमीटर आणि वाहतं असेल तर मोठ्या गाड्याही वाहून जाऊ शकतात.

गैरसमज : पुढची गाडी पार झाली, म्हणजे आपलीही होईल.

वस्तुस्थिती : पुढची गाडी ट्रक किंवा कंपनीची बस असेल, तर तिचं वजन आणि उंची वेगळी. शिवाय तिने उठवलेली लाट मागच्या छोट्या गाडीच्या बोनेटवर येऊन आदळते. पुढच्या गाडीचा उपयोग खोली ओळखण्यापुरता करावा. थांबून तिची चाकं बघा. पाणी आपल्या गाडीच्या चाकाच्या मध्याइतकं वाटलं, तर गाडी घालू नये. दुभाजकाच्या पिवळ्या-काळ्या पट्ट्यांकडेही बघा. ते पट्टे दिसेनासे झाले असतील, तर खोलीचा अंदाज बांधण्याचं साधनच उरलेलं नाही. अशा वेळी मागे फिरावं.

गैरसमज : रोजचा रस्ता आहे, खड्डे पाठ आहेत.

वस्तुस्थिती : कोरडा रस्ता पाठ असतो. गढूळ पाण्याखाली तो कसा झाला आहे, हे कुणालाच माहीत नसतं. कडेची माती वाहून गेलेली असते, गटाराची झाकणं सरकलेली किंवा पाणी उतरावं म्हणून कुणीतरी उघडलेली असतात. २९ ऑगस्ट २०१७ च्या पावसात मुंबईतले एक नामवंत पोटविकारतज्ज्ञ एल्फिन्स्टन भागात गाडी सोडून पायी निघाले, ते उघड्या मॅनहोलमध्ये पडून वाहून गेले. म्हणून खोली बघायला स्वतः पाण्यात उतरणं हाही उपाय नव्हे.

गैरसमज : एसयूव्ही आहे, किंवा बॅटरीवरची गाडी आहे. तिला पाण्याचं भय नाही.

वस्तुस्थिती : महिंद्रा थारसाठी कंपनी ६५० मिलिमीटर खोली सांगते. पण असे आकडे धरायचे ते संथ पाणी, घट्ट तळ आणि सावकाश गती गृहीत धरून. वाहत्या नाल्याला ते लागू पडत नाहीत. इलेक्ट्रिक गाडीच्या बॅटरीवर ‘आयपी ६७’ लिहिलेलं असेल, तर ती एक मीटर पाण्यात अर्धा तास बुडूनही आत पाणी जाणार नाही, एवढाच त्याचा अर्थ. गाडी तरंगणार नाही, अशी हमी त्यात नाही. जुलै २०१९ च्या सुरुवातीला मालाडच्या भुयारी मार्गात स्कॉर्पिओसारखी उंच गाडी पाण्यात अडकली आणि आतल्या दोघांचा जीव गेला. भुयारी मार्ग वाटीसारखा असतो. चारही बाजूंचं पाणी तिथेच उतरतं आणि खोली मिनिटागणिक वाढते. महापे असो वा मालाड, भुयारी मार्गात पाणी दिसलं की गाडी घालायचीच नाही.

गैरसमज : जोरात काढली की सायलेन्सरमध्ये पाणी जात नाही.

वस्तुस्थिती : सगळ्यांचं लक्ष मागच्या सायलेन्सरकडे, धोका मात्र पुढे. बोनेट उघडून बघा. एअर फिल्टरच्या डब्यातून एक जाड पाइप निघतो आणि त्याचं तोंड बहुधा ग्रिलच्या किंवा हेडलाइटच्या मागे असतं. इंजिन तिथून हवा ओढतं. वेगात शिरलेली गाडी स्वतःच्या पुढे लाट उठवते, ती या तोंडापर्यंत पोहोचते आणि हवेबरोबर पाणीही ओढलं जातं. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. वर येणारा पिस्टन पाण्यावर अडतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. थोड्या पाण्यातून जाणं टळतच नसेल, तर पहिला गिअर, एकसारखी धिमी गती आणि मध्ये कुठेही न थांबणं, हीच रीत. बाहेर आल्यावर ब्रेक दोन-तीनदा हलकेच दाबून सुकवून घ्या. ओले ब्रेक वेळेवर लागत नाहीत.

गैरसमज : बंद पडली तर पुन्हा स्टार्ट मारून बघावं.

वस्तुस्थिती : हाच सगळ्यात महागात पडणारा प्रयोग. पाण्यात बंद पडलेल्या इंजिनाला पुन्हा स्टार्टर मारला, की वाचलेलं इंजिनही कामातून जातं. इग्निशन बंद करा, माणसं बाहेर काढा, पाणी ओसरल्यावर गाडी टो करून गॅरेजला न्या. विम्याचंही इथेच अडतं. फक्त थर्ड पार्टी विमा असेल तर पुराचं नुकसान मिळतच नाही. सर्वसमावेशक विम्यात पूर येतो, पण पाणी ओढून बिघडलेलं इंजिन त्यात बहुधा धरलं जात नाही. त्यासाठी इंजिन संरक्षणाची वेगळी जोड घ्यावी लागते. पावसाळ्याआधी आपली पॉलिसी काढून वाचावी.

गैरसमज : गाडी अडकली तर काचा बंद करून आत बसणं सुरक्षित.

वस्तुस्थिती : २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. त्या दिवशी मुंबईत काही जण बंद गाडीतच गुदमरून गेले. एक मीटर रुंद दारावर बाहेरून ६० सेंटीमीटर पाणी चढलं आणि आत पाणी नसेल, तर दारावर सुमारे १८० किलोचा रेटा बसतो. म्हणून पाणी दाराला लागताच पट्टा सोडा, काच खाली करा, मुलांना आधी बाहेर काढा. पॉवर विंडो पाण्यात थोडा वेळच साथ देते, तो वेळ फोन लावण्यात घालवू नका. काच अडकली तर बाजूच्या काचेच्या कोपऱ्यावर घाव घाला. पुढची काच थरांची असते, ती सहजी फुटत नाही. बाहेर पडल्यावर उंच जागा गाठा आणि मग ११२ ला फोन करा.

गैरसमज : पाऊस थांबला, आता रस्ता मोकळा होईल.

वस्तुस्थिती : नवी मुंबईत घड्याळ भरतीचंही बघावं लागतं. शहराचा बराच भाग खाडीकाठी भराव घालून उभा राहिला. म्हणून सिडकोने धारण तलाव बांधले. ओहोटीला त्यांतलं पाणी खाडीत सोडायचं, भरतीला दारं बंद करून खाडीचं पाणी अडवायचं, अशी ही रचना. मोठ्या भरतीच्या वेळी जोरदार पाऊस आला, तर पाण्याला जायला जागाच उरत नाही. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण मोठं असतं. भरती आणि ओहोटीत साधारण सहा तासांचं अंतर, त्यामुळे दोन-तीन तास कळ काढली तर पुष्कळदा पाणी उतरू लागतं. निघण्याआधी हवामान खात्याचा इशारा आणि भरतीची वेळ, दोन्ही बघून घ्या.

हे सगळं ठाऊक असूनही माणूस पाण्यात गाडी घालतो, कारण पहिली पाळी गाठायची असते, नाहीतर खाडा लागतो. रबाळ्याच्या एमआयडीसीतल्या व्यवस्थापकांनी हे मनावर घ्यावं. रेड अलर्टच्या दिवशी उशिरा आलेल्याचा पगार कापणार नाही, असं जूनच्या सुरुवातीलाच नोटीस बोर्डावर लावावं. कंपनीच्या बस आणि कॅबच्या चालकाला ‘इथून पुढे नेत नाही’ म्हणण्याचा अधिकार लेखी द्यावा, आणि त्याने तो वापरला तर आतल्या प्रवाशांनी त्याच्याशी हुज्जत घालू नये. मागे फिरणं सोपं झालं, तर माणसं मागे फिरतील.